नाथसागराचा मासा, उसाचा गूळ

मराठवाड्यातील गंगापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. कायगाव टोका येथे प्रवरा तिला मिळते आणि त्या संगमाच्या परिसरापासून खाली नदीचे रूप पालटू लागते: प्रवाह संथावतो, काठ एकमेकांपासून दूर सरतात आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीने अडवल्यामुळे नदीच्या वरच्या अंगाला पसरत गेलेला पाणीसाठा, सुरू होतो. या पाण्यातल्या रोहूचे किंवा कटल्याचे तुकडे तव्यावर खरपूस परतून त्यांवर गूळ, चिंचेचा कोळ, लसूण आणि लाल तिखट यांचा आटवलेला चकचकीत पाक चढवला, की तासाभरात घरच्या घरी रात्रीचे जेवण तयार होते. अशा गोड-आंबट, तकतकीत लेपाला अलीकडे सर्वत्र ‘ग्लेझ’ म्हणतात आणि त्या नावामुळे हा पदार्थ परदेशी वाटतो. प्रत्यक्षात आंबट रसात शिजवून तळलेल्या माशाची परंपरा दख्खनमध्ये सुमारे नऊशे वर्षांची आहे. नवे आहेत ते या पदार्थाचे दोन मुख्य घटक, मासा आणि गूळ, आणि गंगापुरात ते दोन्ही एकाच पाण्याच्या इतिहासातून आले आहेत.

जुन्या परंपरेचा लेखी पुरावा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात मिळतो. इ.स. 1130 च्या आसपास सिद्ध झालेल्या या ग्रंथात पाच विंशती, म्हणजे वीस-वीस अध्यायांचे पाच भाग असून, तिसऱ्या विंशतीतील ‘अन्नभोग’ हा अध्याय राजाच्या भोजनाला वाहिलेला आहे, तर चौथ्या विंशतीतील ‘मत्स्यविनोद’ हा गळाने मासे धरण्याच्या करमणुकीविषयी आहे. मत्स्यविनोदात समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशी माशांची विभागणी करून त्यांना कोणते खाद्य द्यावे याचा तपशील दिलेला आहे. अन्नभोगातील कृती अधिक बोलकी आहे: माशाचे तुकडे करून स्वच्छ धुवावेत, चिंचेच्या पाण्यात शिजवावेत, त्यांवर गव्हाचे पीठ भुरभुरून तापलेल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळावेत आणि वर सैंधव, वेलदोड्याची पूड व मिरपूड घालावी. मिरची या भूमीवर पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे या ग्रंथानंतर सुमारे चार शतकांनी आली, त्यामुळे तिखटपणाची जागा येथे मिऱ्यांनी घेतलेली आहे. गूळही या कृतीत नाही. तरीही आंबटात शिजवणे, पिठाने बाहेरचा थर धरवणे, तांबूस रंग येऊ देणे आणि सुगंधी पूड शेवटी घालणे हा जो क्रम आहे, त्याच्याशी आजच्या तव्यावरची रीत बरीच जुळते, आणि म्हणून ग्लेझ केलेल्या माशाला उपरा ठरवणे दख्खनच्या पाकपरंपरेवर अन्यायाचे आहे.

याच ग्रंथाला मराठीच्या इतिहासात आणखी एका कारणाने मान आहे. त्यातील गीतविषयक भागात दशावतारांच्या स्तुतीची जी देशी भाषांतील उदाहरणे आली आहेत, त्यांत मराठीतील अगदी आरंभीच्या पद्यरचनांपैकी एक सापडते, आणि ती रसातळातून वेद वर आणणाऱ्या मत्स्यावताराची आहे. स्वयंपाकाच्या इतिहासाशी या ओळींचा थेट संबंध नाही, परंतु ज्या पोथीत माशाची इतकी नेमकी पाककृती आहे, तिच्यातच मराठीने मत्स्याचे स्तवन करावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

राजाच्या मुदपाकखान्यातील रीत गोदाकाठच्या सामान्य घरात जशीच्या तशी होती, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. नदीवर ज्यांचे पोट होते त्या भोई समाजाचे काम केवळ मासेमारीचे नव्हते. पालख्या-मेणे वाहणे, उतारूंना नदीपार नेणे, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणे आणि हरभरे भाजून फुटाणे विकणे, असे नदीच्या ऋतूंबरोबर फिरणारे व्यवसाय ते करीत. त्यांच्या जाळ्यात येणारे मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा आणि हंगामात मिळणारी बारीक मासळी. मराठवाड्यात त्यांचा रस्सा होई: भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ किंवा शेंगदाणे, काळा मसाला आणि चिंच, सोबत ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबादी सालनातही चिंच, तीळ, शेंगदाणे व खोबरे हाच संच दिसतो, यावरून दोन्ही स्वयंपाकांचा शेजार किती जवळचा होता हे लक्षात येते. एकनाथांच्या पैठणचा सहवास आणि वारकरी संप्रदायाची शिकवण यांमुळे माळकऱ्यांच्या, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्यांच्या, घरांत मासा वर्ज्य असे. एकाच कुटुंबात माळकरी आणि खाणारे दोघे असले, तर मासा अंगणात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजे. समुद्राची मासळी येई ती सुकवूनच, बोंबील आणि सुकट या रूपांत, आणि 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू होऊन तालुक्यातील लासूर रेल्वेने जोडले गेल्यावर मुंबईकडचा माल आणणे सोपे झाले.

गुळाची वाट नदीच्या वरच्या अंगाने आली. प्रवरेवर भंडारदरा येथे 1926 मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने आणि त्याच्या कालव्यांनी अहमदनगर जिल्ह्यात ऊस पसरवला. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकारी साखर उद्योगाची पायवाट त्याने घालून दिली. गंगापूरची जमीन मात्र दीर्घकाळ कोरडवाहूच राहिली, म्हणजे पावसावर अवलंबून. पुढे जायकवाडीचा फुगवटा आला, तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी उपसा सिंचन, म्हणजे पंपाने पाणी उचलून शेतात नेण्याची पद्धत, स्वीकारली. गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून निघणाऱ्या जलदगती कालव्याचे लाभक्षेत्रही वैजापूर-गंगापुरात आहे. अशा रीतीने तालुक्यात ऊस, आणि त्याबरोबर गूळही, रुजला. (नाशिकजवळचे गंगापूर धरण हे वेगळे, नावसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होते, जरी त्याच गोदावरीचे पाणी शेवटी इकडेच येते.)

माशाच्या बाजूने सर्वांत मोठी घटना म्हणजे जायकवाडी धरण. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते 18 ऑक्टोबर 1965 रोजी त्याची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे 10 किलोमीटर लांबीच्या भिंतीमागे जवळजवळ 350 चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला, त्याला एकनाथांवरून नाथसागर हे नाव मिळाले आणि पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील कितीतरी गावे, गोदाकाठच्या काळ्या जमिनी आणि भोयांच्या टरबुजाच्या वाळू त्याखाली गेल्या. हे नुकसान कोणत्याही पाककृतीच्या इतिहासात तळटीप म्हणून ढकलता येणार नाही, कारण आज ताटात येणारा मोठा मासा त्याच बुडालेल्या जमिनीवर वाढतो. धरणाने वाहत्या पाण्यात अंडी घालणाऱ्या माशांचा वर जाण्याचा मार्ग तोडला. त्याची भरपाई मानवी हाताने करावी लागते: रोहू, कटला आणि मृगळ या प्रमुख कार्प जातींचे मत्स्यबीज, म्हणजे नुकती उपजलेली पिल्ले आणि बोटभर लांबीची बोटुकली, जलाशयात सोडली जातात. हे शक्य झाले ते 1957 मध्ये कटक येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी यशस्वी केलेल्या प्रेरित प्रजननामुळे. माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून साचलेल्या पाण्यातही अंडी घालवून घेण्याचे हे तंत्र नसते, तर देशातील जलाशयांतील मत्स्यशेती इतकी वाढली नसती. चिलापी, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला आणि 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया, याला मात्र कोणाच्या मदतीची गरज लागत नाही; तो साचलेल्या पाण्यात आपोआप वाढतो आणि स्थानिक जातींच्या अन्नावर व जागेवर अतिक्रमण करतो.

नाथसागराच्या माशाला गोड-आंबट लेप का मानवतो, याचे उत्तरही पाण्यातच आहे. साचलेल्या पाण्यातील निळ्या-हिरव्या शैवालांपासून व काही जिवाणूंपासून जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार होते, ते माशाच्या मांसात उतरते आणि त्यामुळे मातकट वास येतो. आम्ल पदार्थ हे द्रव्य मोडतात, म्हणून चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस आधी चोळून ठेवणे ही केवळ चवीची बाब उरत नाही. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात, तेव्हा तुकड्यांना जवळजवळ, उथळ चिरा दिल्यास काटे तुटतात आणि मसाला आत शिरतो; मरळीत असे काटे नसल्यामुळेच तिला भाव अधिक मिळतो. तुकडे मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवावेत, पाणी टिपून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतावेत आणि मगच पाक घालावा, कारण गूळ लवकर जळतो व सुरुवातीला घातल्यास मासा शिजण्याआधीच तळ करपून कडवट होतो. वाटीभर कोळाला दोन चमचे गूळ, ठेचलेला लसूण आणि तिखट इतके पुरते. ते चमच्याला चिकटेपर्यंत आटले, की मंद आचेवर तुकडे त्यात फिरवून लगेच उतरवावेत. येथे मराठवाड्याचा येसर, म्हणजे भाजलेली धान्ये-डाळी आणि मसाले यांचे पीठ, चिमूटभर घातल्यास लेपाला जो घट्टपणा येतो, तो मानसोल्लासातील गव्हाच्या पिठाचेच काम करतो.

या माशाला गिऱ्हाईक वाढवले ते तालुक्यातीलच वाळूजने. 1980 च्या दशकात तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि उत्तर व पूर्व भारतातून आलेल्या कामगार कुटुंबांनी रोहूला, जो त्यांच्या घरचाच मासा, बाजारात मागणी दिली. छापील मराठी पाकशास्त्राने मात्र या काठाकडे फारसे पाहिले नाही. 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पासून सुरू झालेल्या परंपरेत मासा ठळकपणे आला तो लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 1910 मधील ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ या ग्रंथासारख्या, मुंबईच्या पाठारे प्रभू घरांशी जोडलेल्या पुस्तकांतून. पापलेट, सरंगा आणि सुरमईचे शब्दभांडार त्यांनी समृद्ध केले. वामीचा रस्सा आणि मरळीचे कालवण मात्र तोंडी परंपरेवरच टिकून राहिले. आता नाथसागराची पातळी खालावते तेव्हा, जशी 2016 च्या उन्हाळ्यात ती मृतसाठ्यापर्यंत, म्हणजे कालव्यात सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्यापर्यंत गेली होती, पाणी आटलेल्या काठावर जाळी टाकायलाही जागा उरत नाही आणि उसालाही पाणी मिळत नाही.