मौन म्हणजे संमति नव्हे

१९३८ सालच्या अखेरीस महात्मा गांधींचें वास्तव्य वर्ध्याजवळील सेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामीं, होतें. पंजाबांतील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या पत्रास त्या सुमारास त्यांनीं ‘हरिजन’ पत्रांतून उत्तर दिलें. वाटेनें जाणाऱ्या मुलींस तरुण त्रास देतात. अशा वेळीं अहिंसेनें वागूं इच्छिणारीनें काय करावें, असा तिचा प्रश्न होता. अपराध्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावीं, असें गांधीजींनीं सुचविलें. परंतु त्याच लेखांत आधुनिक मुलींच्या वेशभूषेसही त्यांनीं बोल लाविला. बंगालमधील कांहीं तरुणींनीं त्यावरील आपली नाराजी त्यांस निर्भीडपणें कळविली.

दोष हात टाकणाऱ्याचा, कीं जिच्यावर हात टाकला गेला तिचा, हा प्रश्न न्यायालयांतही सुटलेला नव्हता. १८६० च्या दंडसंहितेचें ३५४ वें कलम स्त्रीच्या ‘विनयभंगा’स शिक्षा सांगे. त्याची दृष्टि स्त्रीच्या विनयावर होती, इच्छेवर नव्हे. बलात्काराच्या कलमांत ‘संमति’ हा शब्द होता खरा. पण त्याची व्याख्या तेथें नव्हती.

या उणिवेची किंमत विदर्भांतच दिसून आली. मार्च १९७२ मध्यें तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांतच आपल्यावर अत्याचार झाला, अशी एका आदिवासी मुलीची तक्रार होती. सत्र न्यायालयानें १९७४ सालीं आरोपी पोलिसांस सोडून दिलें. वर्धा व चंद्रपूर हे दोन्ही जिल्हे ज्याच्या अधिकारांत येतात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १९७६ सालीं त्यांस दोषी ठरविलें. भयानें निमूटपणें सोसणें ही संमति नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. परंतु १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनें आरडाओरडा केला नव्हता, या गोष्टींस तेथें महत्त्व मिळालें.

१९७९ सालीं उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें आणि देशभर स्त्रियांचें आंदोलन उभें राहिलें. १९८३ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, कोठडींतील अशा खटल्यांत संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीनें ‘संमति नव्हती’ म्हटल्यास न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें. २०१३ सालीं कायद्यानें संमतीची व्याख्या केली. केवळ प्रतिकार झाला नाहीं, एवढ्यावरून संमति मानतां येत नाहीं, हेंही स्पष्ट केलें. विनयभंगाची दोन वर्षांपर्यंतची शिक्षा १ ते ५ वर्षांची झाली, आणि नकोशा लैंगिक लगटीस स्वतंत्र कलम मिळालें.

जानेवारी २०२१ मध्यें त्याच नागपूर खंडपीठानें, वस्त्रांवरून झालेला स्पर्श बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखालीं लैंगिक हल्ला ठरत नाहीं, असें म्हटलें. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबरांत तो निर्णय रद्द केला. त्वचेशीं संबंध आला कीं नाहीं हें नव्हे, तर करणाराचा हेतु पाहावयाचा, असें ठरलें. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता अमलांत आली. तिच्या ७४ व्या कलमांत ‘विनय’ हा जुना शब्द अजून आहेच. स्त्रीची इच्छा त्याच्याशेजारीं येऊन बसली, ती मात्र देसाईगंजच्या त्या मुलीस न मिळालेल्या न्यायाच्या मोलानें.