समाचार घेणाराचा समाचार



‘समाचार घेणें’ या शब्दप्रयोगाला मराठींत दोन अर्थ आहेत. दुःखांत असलेल्या माणसाची विचारपूस करणें हा एक; चुकलेल्याची कानउघाडणी करणें हा दुसरा. समाजसेवकाचा समाचार आपण आजवर कोणत्या अर्थानें घेत आलों, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

सावित्रीच्या कांठचें दासगांव हें महाड तालुक्यांतील जुनें बंदर. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आगबोटीनें याच बंदरांत उतरले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक रामचंद्र बाबाजी मोरे याच गांवांत वाढले. लोककार्याचा वारसा या गांवाला असा जुना आहे. जुलै २००५ च्या अखेरीस अतिवृष्टीनें डोंगर खचले आणि दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते या गांवांतील मिळून सुमारें दोनशें माणसें मातीखालीं गेलीं.

त्या वेळीं मी याच भागांत शिक्षक होतों. मृतांच्या याद्या करण्याचें काम आम्हां शिक्षकांकडे आलें. एक तरुण अंगणवाडी सेविका माझ्याबरोबर असे. तिच्या हजेरीपटांतील कांहीं नांवें त्या यादींत होतीं. दिवसभर ती घरोघर लोकांचा समाचार घेई, आयांपाशीं बसून राही. सायंकाळीं वरिष्ठ येत, आंकडे विचारीत, यादींतील चूक दाखवीत आणि निघून जात. ती जेवली कीं नाहीं, तिला रात्रीं झोंप लागते कीं नाहीं, हें कोणीं विचारलें नाहीं. मींही विचारलें नाहीं. वर्षाच्या आंत तिनें काम सोडलें. ‘कंटाळली असेल,’ असें आम्हीं म्हटलें आणि विषय संपविला.

ही चूक एकट्यादुकट्याची नव्हे. तिचीं मुळें दूरवर गेलेलीं आहेत.

लंडनमध्यें १८६९ सालीं दानधर्माची शिस्त लावण्यासाठीं एक संस्था निघाली. तिच्या धर्तीवर अमेरिकेंत निघालेल्या संस्थांत गरिबांच्या घरीं जाणाऱ्या स्वयंसेवकांवर एक अनुभवी पगारी माणूस नेमीत. तो त्यांना काम वांटून देई, हिशेब घेई आणि मार्गही दाखवी. समाजकार्यांतील देखरेखीचा उगम तेथें मानतात. आपल्याकडे नामदार गोखले यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. त्यांत नव्या सभासदाला पांच वर्षांची उमेदवारी असे. सात शपथा घ्याव्या लागत. स्वतःसाठीं द्रव्यार्जन करणार नाहीं, ही त्यांतील एक. सेवकाला गुरु हवा, हें गोखल्यांनीं पुरतें ओळखलें होतें. परंतु स्वतः गोखले प्रकृति ढासळत असतांही कामाला जुंपलेलेच राहिले आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं निवर्तले. त्या त्यागापुढें आपण नतमस्तक होतों, तें योग्यच आहे. मात्र त्यांतून आपण एक भलताच धडा घेतला कीं, खरा सेवक तो, जो स्वतःकडे पाहत नाहीं!

पुढें १९३६ सालीं मुंबईस टाटांच्या देणगींतून समाजकार्याचें विद्यालय निघालें. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. विद्यार्थ्यानें वस्तींत काम करावें, त्याची नोंद लिहावी, आणि मार्गदर्शकानें ती वाचून त्याच्याशीं बोलावें, ही समाजकार्याच्या शिक्षणांतील रीत. अमेरिकन अध्यापक आल्फ्रेड कादुशिन यांनीं १९७६ च्या आपल्या ग्रंथांत देखरेखीचीं तीन अंगें सांगितलीं: कामाचा हिशेब पाहणें, काम शिकविणें, आणि काम करणाराला आधार देणें.

आपल्या गांवोगांवच्या व्यवस्थेकडे या दृष्टीनें पाहावें. १९७५ सालीं अंगणवाडीची योजना निघाली. सेविकांवर मुख्यसेविका आल्या. २००५ सालीं आशा कार्यकर्त्या आल्या; त्यांच्यावर गटप्रवर्तक आल्या. पायऱ्या आहेत, नोंदवह्या आहेत, प्रशिक्षणेंही आहेत. पहिलें अंग भक्कम, दुसरें बऱ्यापैकीं. तिसरें मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेलें! मुख्यसेविकेला दोष द्यावा, तर तिचाही समाचार वरून दुसऱ्याच अर्थानें घेतला जातो.

मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या उत्साही माणसांचें आंतून विझत जाणें न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनीं पाहिलें आणि १९७४ सालीं त्यावर लिहिलें. त्यांनीं त्याला ‘बर्नआउट’ म्हटलें. विझतो तो आळशी नव्हे. पुष्कळदां जो सर्वांत अधिक जळला, तोच विझतो. २००७ सालीं आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या समितीनें आपत्तींतील मानसिक आधाराविषयीं मार्गदर्शिका काढली, तींत सेवकांची व स्वयंसेवकांची काळजी हें स्वतंत्र कर्तव्य म्हणून नोंदविलें आहे.

२२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतच तळिये येथें पुन्हा दरड कोसळली आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. आपत्ति पुन्हा येते. म्हणून तयारीही आधींच हवी. ती फार खर्चाची नाहीं. सेवकांना शक्यतों जोडीनें पाठवावें. कांहीं दिवसांनीं पाळी बदलून सक्तीची विश्रांति द्यावी. आठवड्यांतून एक तास वरिष्ठानें नोंदवही मिटून ठेवावी आणि नुसतें ऐकावें. सेवकानेंही जेवण, झोंप व घरची माणसें यांना वेळ देणें हा स्वार्थ समजूं नये. विहिरीचा उपसा करावा, पण झरा बुजूं देऊं नये, हें कोकणांतील शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं.

त्या सेविकेला मीं एका सायंकाळीं ‘बाई, तूं कशी आहेस?’ एवढें विचारलें असतें, तर ती टिकली असती कीं नाहीं, हें मी सांगूं शकत नाहीं. परंतु तें विचारणें माझें काम होतें. यापुढें तरी तें कोणाचें तरी नेमून दिलेलें काम असावें, एवढीच आजची विनंति.