आम्लपित्तावरील औषधे

आम्लपित्तावरील औषधे म्हणजे जठरातील आम्लाची तीव्रता किंवा त्याची निर्मिती कमी करणारी औषधे होत. छातीत जळजळणे, आंबट ढेकर येणे, आम्ल अन्ननलिकेत उलट चढणे आणि जठरव्रण (अल्सर) यांवर ती दिली जातात. 'आम्लपित्त' ही संज्ञा आयुर्वेदातील असून माधवनिदान या ग्रंथात त्या रोगाचे वर्णन आढळते. व्यवहारात मात्र 'पित्त' किंवा 'ॲसिडिटी' या एकाच नावाखाली अनेक निरनिराळ्या तक्रारी गणल्या जातात. म्हणून औषध घेण्यापूर्वी मूळ तक्रार कोणती, हे पाहणे आवश्यक ठरते.

प्रकार

आम्लशामके (अँटासिड): ही जठरात आधीच असलेल्या आम्लाचे उदासिनीकरण करतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट आणि खाण्याचा सोडा ही त्यांची उदाहरणे होत. आराम काही मिनिटांत पडतो, पण तो अल्पकाळ टिकतो. ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे बद्धकोष्ठता, तर मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे जुलाब होऊ शकतात. त्यामुळे बहुतेक पातळ औषधांत दोन्हींचे मिश्रण असते.

एच-२ रोधक: हिस्टामिनमुळे आम्लस्रावाला मिळणारी चालना ही औषधे रोखतात. फॅमोटिडीन हे या गटातील औषध आहे. रोज घेत राहिल्यास या गटाचा प्रभाव हळूहळू कमी होतो.

प्रोटॉन पंप रोधक: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल इत्यादी औषधे या गटात येतात. जठराच्या पेशींतून आम्ल बाहेर सोडणारा 'पंप' ती निष्क्रिय करतात. तिन्ही गटांत हा गट सर्वांत प्रभावी आहे. भारतात यांतील ओमेप्राझोल व पँटोप्राझोल ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाच्या औषधांच्या अनुसूची 'एच'मध्ये आहेत.

इतिहास

जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन हे पहिले यशस्वी एच-२ रोधक १९७६ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ब्लॅक यांना १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्वीडनमध्ये विकसित झालेले ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आले. बहुसंख्य व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, हे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा व्रणात आम्लरोधकासोबत प्रतिजैविकेही द्यावी लागतात. रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हा कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेला घटक २०१९ मध्ये आढळला. अमेरिकेने २०२० मध्ये हे औषध बाजारातून मागे घेण्यास सांगितले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ मध्ये वगळण्यात आले. यादीतून वगळणे म्हणजे बंदी नव्हे.

घेण्याची पद्धत

प्रोटॉन पंप रोधक सामान्यतः सकाळी न्याहारीपूर्वी ३० ते ६० मिनिटे घ्यावे लागते. अन्नामुळे पंप कार्यान्वित होतात आणि औषध कार्यरत पंपांवरच परिणाम करते. जेवणानंतर घेतलेल्या गोळीचा गुण म्हणूनच कमी येतो. गोळीवर किंवा कॅप्सूलमधील कणांवर आम्लापासून संरक्षण करणारे आवरण असते. त्यामुळे ती चावू किंवा कुटू नये. पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात.

इतर औषधांशी आंतरक्रिया

* आम्लशामके थायरॉइडची गोळी, लोहाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लीन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके यांचे शोषण घटवतात. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे.
* ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल यांच्यामुळे क्लोपिडोग्रेल या हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधाचा प्रभाव कमी होऊ शकतो.
* मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त औषधे आणि रक्तदाब असणाऱ्यांनी सोडा व फ्रूट सॉल्ट डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

दीर्घकाळ वापर

वर्षानुवर्षे प्रोटॉन पंप रोधक घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची कमतरता, आतड्यांचा संसर्ग आणि क्वचित मूत्रपिंडाचा दाह आढळला आहे. हाडे मोडण्याशी असलेला संबंधही नोंदला गेला आहे. तो औषधामुळेच आहे असे मात्र निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. वृद्धांना किंवा पूर्वी व्रण झालेल्यांना ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामकांसोबत ही गोळी संरक्षणासाठी देणे योग्य ठरते. प्रत्येक तापाच्या वा प्रतिजैविकाच्या गोळीसोबत ती घेण्याची आवश्यकता नसते.

दीर्घकाळ घेतलेले औषध एकाएकी थांबवल्यास आम्लस्राव तात्पुरता वाढतो. या उसळीला मूळ आजार समजून अनेकजण गोळी पुन्हा सुरू करतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केल्यास हा त्रास टाळता येतो. उलटपक्षी, रक्तस्राव झालेल्या व्रणासारख्या कारणासाठी सुरू असलेले औषध परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

धोक्याची लक्षणे

गिळताना अडणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल किंवा रक्तक्षय ही लक्षणे असल्यास गोळीने आराम पडला तरी तपासणी आवश्यक असते. जठराच्या कर्करोगातही जळजळ काही काळ शमू शकते. छातीत दाब जाणवणे, घाम येणे, धाप लागणे, वेदना हातात किंवा जबड्यात पसरणे ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. मधुमेही, स्त्रिया व वृद्ध यांच्यात ती केवळ 'पित्ता'सारखी भासू शकतात. अशा वेळी आम्लशामक घेऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.