नाव राखणारी संस्था : युद्धकबर आयोगाची वाटचाल

पायदळातला सैनिक पडला, तर निदान शेजारच्या सोबत्याला ठाऊक असतं. रात्रीच्या बॉम्बहल्ल्यावर गेलेलं विमान पडतं ते शत्रूच्या मुलखात नाहीतर समुद्रात, आणि घरी येते फक्त ‘बेपत्ता’ एवढीच तार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण कामी आले, बहुतेक रात्रीच्या मोहिमांत. आपली माणसंही त्या विमानांत होती. लँकेस्टर बॉम्बरवरचे नेव्हिगेटर शैलेंद्र एकनाथ सुखटणकर डीएफसी हे शौर्यपदक मिळवून सुखरूप परतले. जे परतले नाहीत त्यांची नावं राखण्याचं काम युद्धकबर आयोग करत आला आहे.

फॅबियन वेअर या ब्रिटिश गृहस्थांच्या धडपडीतून २१ मे १९१७ रोजी आयोगाला सनद मिळाली. हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखा मान, आणि ज्याला कबर नाही त्याचं नाव दगडावर, हे त्याचं तत्त्व. १९६० साली नावातलं ‘इंपीरियल’ जाऊन ‘कॉमनवेल्थ’ आलं.

बेपत्ता वैमानिकांचा माग काढला तो ब्रिटिश हवाई दलाच्या शोधपथकांनी. महायुद्ध संपल्यावर ही माणसं युरोपभर गावोगाव हिंडली. शेतात रुतलेल्या इंजिनाचा क्रमांक, सदऱ्यावरची धोब्याची खूण, बुटाचं माप, बोटातली अंगठी अशा धाग्यांवरून त्यांनी हजारो अनामिकांना नाव परत दिलं. इतकं चिकाटीचं आणि मायेचं काम युद्धाच्या इतिहासात थोडंच सापडेल. तरीही जे सापडले नाहीत, त्यांच्यासाठी १९५३ साली इंग्लंडात रनीमीडचं स्मारक उभं राहिलं. त्यावर वीस हजारांहून अधिक नावं आहेत. आग्नेय आशियात हरवलेल्यांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. बंगालमधल्या तळांवरून ब्रह्मदेशावर गेलेले लिबरेटर बॉम्बरवाले त्यांतलेच.

पुण्यात आयोगाचं काम पाहायचं तर खडकीला जावं. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी तिथे एकत्र आणल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी, सगळ्यांचे दगड एकाच मापाचे. दगडावर दलाचं चिन्ह, हुद्दा, नाव, तारीख, वय आणि खाली, घरच्यांनी कळवली असेल तर, एखादी ओळ. ती ओळ वाचताना पाऊल थबकतं. पण समतेचं तत्त्व आयोगाने सगळीकडे पाळलं नाही. पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकी आणि भारतीय सैनिकांपैकी लाखावर जणांना त्यांच्या नावाचं स्मारक मिळालं नाही, हे २०२१ साली आयोगाच्याच अहवालाने मान्य केलं. कबुली शंभर वर्षं उशिरा आली, तरी ती द्यायलाच हवी होती.

वैमानिक बेपत्ता होणं महायुद्धाबरोबर थांबलं नाही. स्वतंत्र भारताची कॅनबेरा बॉम्बर विमानं पुण्याच्या लोहगावलाही होती. डिसेंबर १९७१मध्ये फ्लाइट लेफ्टनंट लॉइड मोझेस ससून आणि राम मेथाराम अडवाणी यांचं कॅनबेरा रात्रीच्या मोहिमेवरून परतलं नाही. आपल्याकडे स्मारकं उशिराच झाली. पुण्यातलं युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून १९९८ साली उभं राहिलं, दिल्लीचं राष्ट्रीय स्मारक २०१९ साली. कोथरूडमध्ये हुतात्मा मेजर प्रदीप ताथवडे यांचं नाव उद्यानाला आहे, म्हणून ते रोज शेकडो लोकांच्या तोंडी येतं.

कोथरूडकरांनी सवड काढून खडकीला जाऊन यावं. आणि घरात कुणा वैमानिकाचं लॉगबुक, पत्रं, फोटो असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. मागे नाव आणि तारीख लिहून जपून ठेवावेत.