ढाणकीच्या घराला कोणतं कासव मानवेल?

गेल्या आठवड्यात ढाणकीहून भाच्याचा फोन आला. पोरगा नववीत आहे. "मावशी, मले कासव पाळायचं हाय. आपल्या इथल्या उन्हात कोणतं टिकते? तू तर पीएचडी करून राहिली, तुले माहीत असंन."

मला माहीत नव्हतं. माझा विषय मातीतले सूक्ष्मजीव, कासवाशी त्याचा संबंध नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, प्रश्न चांगला आहे. त्यात जागा आहे (ढाणकी), अट आहे (ऊन) आणि मोजता येईल असा निकष आहे (टिकणं). तुमच्यापैकी जे संशोधन प्रस्ताव लिहायला बसलेत त्यांना कळेल, इतका नेटका प्रश्न आपल्यालाही पहिल्या खेपेला जमत नाही.

आता अशा वेळी काय करायचं? आधी कुणी हा प्रश्न विचारलाय का, ते बघायचं. यालाच आपण भारदस्त भाषेत 'पूर्वसंशोधनाचा आढावा' म्हणतो. मी तो घेतला. आणि लक्षात आलं की 'कोणतं कासव निवडावं' हा प्रश्न निदान दीड हजार वर्षं जुना आहे. मात्र प्रत्येक काळात त्याचा अर्थ वेगळा होता.

राजाचं कासव

सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. पाऊस, भूकंप, रत्नं, घरबांधणी असं सगळं त्या ग्रंथात आहे. त्यातच एक छोटंसं प्रकरण कासवाच्या लक्षणांवर आहे. स्फटिकासारखं किंवा चांदीसारखं, निळ्या रेघांचं, घागरीच्या आकाराचं कासव चांगलं. तांबूस रंगावर मोहरीएवढे ठिपके असलेलं चांगलं. सापासारख्या डोक्याचं, जाड गळ्याचं, तेही चांगलं. असं कासव राजाने क्रीडेच्या विहिरीत किंवा पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावं, म्हणजे राज्याची भरभराट होते.

मला हे वाचून आधी गंमत वाटली. हे तर सरळ सरळ 'कासव घेताना काय बघाल' असं मार्गदर्शन आहे! मग जाणवलं की यात कासव काय खातं, त्याला ऊन किती लागतं, किती वर्षं जगतं, यातलं काहीच नाही. कारण प्रश्न कासवाचा नव्हताच, प्रश्न राजाचा होता. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, असं आजही आपल्याकडे म्हणतात. तेव्हा हा निकष जुना झालाय असं समजू नका. फक्त राजाच्या जागी आपण आलोय.

कासवीची नजर

आपल्या संतांनी कासवाकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. कासवी पिलांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, ही कल्पना मराठी संतसाहित्यात पुन्हा पुन्हा येते. देवाच्या कृपादृष्टीची ती उपमा आहे आणि उपमा म्हणून सुंदरच आहे.

पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, म्हणून तिची जरा फोड करू. यात निरीक्षण काय आहे? कासवी पिलांना भरवताना कधीच दिसत नाही, तरी पिलं वाढतात. हे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. अनुमान मात्र चुकलं. खरं असं की मादी माती किंवा वाळू उकरून अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिलं बाहेर येतात तेव्हा आई तिथे नसतेच. ती पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतात.

तुमच्या प्रयोगवहीत हे एका कोपऱ्यात लिहून ठेवा: निरीक्षण आणि अनुमान यांचे रकाने वेगळे हवेत. माझ्या गाइडनी पहिल्या वर्षी माझी अख्खी वही या एका कारणासाठी परत केली होती.

हवामानाचा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला?

'आपल्या हवेत कासव टिकतं का' हा भाच्याचा प्रश्न अगदी बारकाईने अभ्यासलेला मला सापडला तो इंग्लंडातल्या सेलबोर्न नावाच्या खेड्यात. गिल्बर्ट व्हाइट हा तिथला पाद्री. त्याच्या आत्याकडे टिमोथी नावाचं कासव होतं. जात भूमध्य समुद्राकडची, उबदार प्रदेशातली. १७८० मध्ये आत्या वारली आणि व्हाइटने ते जमिनीत झोपलेलं कासव उकरून आपल्या घरी आणलं.

पुढे त्याने जे केलं ते बघा. कासव कधी जमिनीत शिरलं, कधी बाहेर आलं, पाऊस येणार असला की कसं वागलं, याच्या तारखेसह नोंदी. त्याचं वजन. ऐकू येतं का बघायला त्याच्यासमोर कर्ण्यातून ओरडणं. इंग्लंडच्या थंडीत हे कासव नोव्हेंबरच्या सुमारास जमिनीत गडप होई ते एप्रिलमध्ये उगवे. म्हणजे परक्या हवेत ते टिकलं, पण वर्षाचा मोठा भाग झोपून काढून. व्हाइटचं पुस्तक १७८९ मध्ये आलं. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. एक बाग, एक कासव आणि रोज लिहिण्याची चिकाटी एवढंच भांडवल होतं.

आणि शेवट ऐका. व्हाइट १७९३ मध्ये गेला, टिमोथी पुढच्या वर्षी. कवच जपून ठेवलं गेलं. ते आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. त्या कवचावरून नंतर कळलं की टिमोथी मादी होती. इतकी वर्षं नोंदी करणाऱ्या माणसाने तिला नरच धरलं होतं. यात व्हाइटचा कमीपणा नाही. पण नमुना जपून ठेवला तर तुमची चूक दुसऱ्या कुणाला तरी दुरुस्त करता येते, हे त्यातून घ्या.

वयाचं गणित

'टिकणं' म्हणजे किती वर्षं? इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवते.

कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं महाकाय कासव होतं, अल्डाब्रा बेटावरच्या जातीचं. ते मार्च २००६ मध्ये मेलं तेव्हा वय अडीचशेच्या घरात सांगितलं गेलं, कारण ते मुळात रॉबर्ट क्लाइव्हचं होतं अशी आख्यायिका. क्लाइव्ह १७७४ मध्ये वारला. मधल्या शंभर वर्षांचा दुवा मुख्यतः सांगोवांगीचा.

दुसरं, सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन. ते १८८२ मध्ये तिथे आलं तेव्हाच पूर्ण वाढलेलं होतं, असं त्या काळच्या कागदावरून कळतं, आणि जुना फोटोही आहे. पूर्ण वाढायला साधारण ५० वर्षं धरली तर जन्म १८३२ च्या सुमाराचा. हाही अंदाजच, पण त्याची पायरी न् पायरी तपासता येते.

अद्वैतचं वय जास्त सांगतात, जोनाथनचा पुरावा जास्त भक्कम. प्रबंधात कोणतं उदाहरण घ्याल ते तुमचं तुम्ही ठरवा. परीक्षक मात्र दुसऱ्यालाच मान डोलावतील.

भाच्याला मी यातलं एवढंच सांगितलं: ही महाकाय जात सोड, लहान जातीचं कासवसुद्धा नीट ठेवलं तर कित्येक दशकं जगतं. तू दहावीनंतर पुसदला किंवा नांदेडला शिकायला गेलास तर त्याचं कोण करणार? आई?

बाजारातली दोन कासवं

आता आपल्याकडे. शहरात लपूनछपून किंवा उघड विकली जाणारी कासवं मुख्यतः दोन.

एक, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव. हे आपलंच, कोरड्या गवताळ आणि काटेरी झुडपांच्या प्रदेशातलं. वायव्य भारत आणि लगतचा पाकिस्तान, दक्षिण भारत, आणि श्रीलंका असे त्याचे तुटक तुटक पट्टे आहेत. गवत, पानं, फुलं, पडलेली फळं हा आहार. भर उन्हाळ्यात ते झुडपाखाली दडून राहतं आणि पावसाळ्यात खरं जागं होतं. नुसत्या हवामानाचा विचार केला तर विदर्भाच्या हवेत ते जगेलही. पण घराच्या हवेत? टिनाच्या छपराखाली, बादलीत, पोळी-भात खाऊन? ऊन अंगावर पडलं नाही तर त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व नीट बनत नाही, कॅल्शियम लागत नाही, कवच मऊ पडतं किंवा वेडंवाकडं टेकड्यांसारखं वाढतं. आणि उन्हातच ठेवलं तर? कासवाला घाम येत नाही. सावलीत जाणं हाच त्याचा एकमेव पंखा. मे महिन्यात ढाणकीत पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना गच्चीवरच्या टबात सावली नसेल तर ते भाजून निघतं.

याच जातीच्या व्यापाराचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच केंद्रातून वर्षाला निदान ५५,००० स्टार कासवं जंगलातून उचलली जात होती, असं त्यात दिसलं. एका केंद्रातून! २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ही जात साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली, म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंदच.

दुसरं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं हिरवं कासव, रेड इअर्ड स्लायडर. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानात ते नाण्याएवढं दिसतं, पुढे ताटलीएवढं होतं. टाकी पुरेनाशी झाली, पाण्याला वास मारायला लागला की लोक ते तलावात सोडतात. तिथे ते स्थानिक कासवांच्या वाट्याचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतं. जगातल्या १०० सर्वात उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. खुद्द अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली, कारण मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेलाचा संसर्ग होत होता.

लहानपणी आमच्या घरीही एक होतं. प्लॅस्टिकच्या टबात, फ्रिजशेजारी. चार महिन्यांत मेलं. आम्ही सगळे म्हणालो, "आपली हवा मानवली नाही त्याला." निरीक्षण बरोबर, अनुमान चूक! हवेचा काय दोष? आम्ही त्याला ऊन दिलं नव्हतं, कोरडी जागा दिली नव्हती, पाणी आठवड्याने बदलत होतो.

मग उत्तर काय?

मी दोन दिवसांनी भाच्याला फोन केला. म्हटलं, "तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू धरूनच चाललास, की कासव पाळता येतं. स्टार कासव पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पैनगंगेत आणि आपल्या तळ्यांत सापडणारं मऊ पाठीचं कासवही संरक्षित. परदेशी जातींमधल्या साइट्सच्या यादीतल्या असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. तेव्हा ढाणकीच्या घराला मानवेल असं कासव म्हणजे..."

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "मावशी, घरी आलं हाय ते. चांदण्यावालं. बाबाच्या दोस्तानं मिठाईच्या डब्यात आणून देल्लं."

तर हा खरा प्रश्न होता. 'कोणतं घेऊ' नव्हे, 'हे जगवू कसं'. मी दोन दिवस प्रश्नाचा इतिहास शोधत बसले, आणि विचारणाऱ्याला एक उलटा प्रश्न विचारला नाही: "तू हे का विचारतोयस?" मुलाखती घेऊन संशोधन करणार असाल तर माझी ही चूक तुम्ही करू नका.

भावजींना भीती आहे ती केसची. भीती खोटी नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षांची कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. म्हणून त्यांच्या डोक्यात सोपा मार्ग आला, रात्री नेऊन पैनगंगेत सोडून देऊ. मी त्यांना थांबवलं. हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही; नदीत सोडणं म्हणजे बुडवणं. जंगलात सोडणंही बरोबर नाही. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं जनुकीयदृष्ट्या वेगळी आहेत, हे कुठल्या पट्ट्यातलं ते बघून सांगता येत नाही, आणि बाजारात फिरून आलेल्या प्राण्याच्या अंगात कोणते रोग असतील तेही नाही. त्याने जायचं ते वनविभागाकडे. १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. एका ओळखीच्या वकिलांना आधी विचारू आणि मग सगळे मिळून जाऊ, असं ठरलंय. रविवारी मी ढाणकीला चाललेय.

तोवर ते अंगणात कडुनिंबाच्या सावलीत आहे. बादलीतून काढलंय, पोळी बंद केलीय, हिरवं गवत आणि जास्वंदीची फुलं चाललीत. भाच्याला मी एक वही घ्यायला सांगितली: रोज सकाळी तारीख, तापमान, काय खाल्लं, किती वाजता हललं. वनविभागाच्या लोकांना आणि डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.

काल त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. दोन रकाने आखलेत. डावीकडे लिहिलंय, 'सकाळी ७:१०, डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे पाह्यलं.' उजवीकडचा रकाना त्याने रिकामा ठेवलाय.