छऱ्याची बंदूक आणि पोटाची शिकार

शस्त्रांचा इतिहास आपल्याकडे लढायांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. तलवार कोणाची, तोफ कोणाची, किल्ला कोणी जिंकला याच्या नोंदी पानोपानी सापडतात. पण सांजच्या भाकरीबरोबर ससा किंवा तितर मिळावा म्हणून रानात जाणाऱ्या माणसाच्या हातात काय होते, आणि ते त्याने स्वतः निवडले होते की दुसऱ्या कोणी त्याच्यासाठी ठरविले होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रस्थापित इतिहासाला तो क्षुल्लक वाटतो. मला तो क्षुल्लक वाटत नाही. कोणाच्या हाती कोणते हत्यार असावे आणि कोणाच्या चुलीवर काय शिजावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याकडेच सत्ता असते.

माझा तालुका तेल्हारा. पूर्वी हा भाग अकोट तालुक्यात मोडत असे. उत्तरेला सातपुड्याची रांग, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, आणि त्या जमिनीवर कापूस. याच तालुक्यातल्या अडगावजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पाठ्यपुस्तकात आमच्या भागाचे नाव येते ते त्या लढाईपुरते. पुढे वऱ्हाड निजामाकडे गेला, १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्या राज्यांतरांची कागदपत्रे जपली गेली. पण ज्या माळांवरून फौजा गेल्या, त्याच माळांवर फासे मांडून तितर-लावे धरणाऱ्या फासेपारध्याच्या हत्याराची नोंद झाली ती गोऱ्या अधिकाऱ्याच्या जातिवर्णनात. त्याच्या स्वतःच्या शब्दांत नव्हे.

हा विषय माझ्यापुढे आला तो विद्यार्थ्यांमुळे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडची पोरे बाजारात मिळणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीबद्दल विचारू लागली आहेत. "सर, सश्याले कोनती बंदूक चालते?" असा सरळ प्रश्न असतो. विचारणारी पोरे शौकीन घरची नसतात. बहुतेकांच्या घरी जमीन नाही. आईबाप कापूस वेचायला, फवारणीला जातात. मटणाचा भाव त्यांच्या आवाक्यात नाही. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. आणि ते देऊ लागलो की बंदुकीपेक्षा इतिहासाबद्दलच अधिक बोलावे लागते.

प्रथम हत्याराबद्दल. हवेच्या दाबावर चालणारी बंदूक हे केवळ खेळणे नव्हे. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने गिरान्दोनी नावाची हवेची बंदूक वापरात आणली होती. आज दुकानात मिळते ती बहुधा स्प्रिंगची, नळी वाकवून भरायची. नळी वाकविली की आतली स्प्रिंग दाबली जाते, घोडा ओढला की ती सुटते आणि दट्ट्यापुढची हवा छऱ्याला ढकलते. दुसरी जात आधीच पंपाने हवा भरून ठेवायची; ती अधिक नेमकी, पण महाग. छरे मुख्यतः दोन मापांचे. एक ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.१७७, दुसरा ५.५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.२२. खाण्यासाठी शिकार करणारे जगभरचे लोक बहुधा जाड छरा पसंत करतात, कारण तो जड असतो आणि आघात अधिक करतो. बारीक छरा सरळ रेषेत जातो, पण तो डोक्यातच बसला पाहिजे. पोटात बसला तर जनावर जखमी होऊन झुडपात जाऊन कुजते. म्हणून बंदूक घेणाऱ्याने आधी आपला हात पारखावा असे जाणकार सांगतात. पंचवीस पावलांवरच्या कागदावर पाचही छरे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसत नसतील, तर त्याने जिवंत प्राण्यावर नेम धरू नये. उडत्या पक्ष्यावर एका छऱ्याचा उपयोग नाही. आणि छरा शिशाचा असतो. मांसात राहिलेले शिसे पोटात जाणे लेकरांना घातक.

इथपर्यंत उत्तर कोणत्याही देशात सारखेच आहे. पुढे मात्र कायदा बोलू लागतो. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली छऱ्याच्या बंदुकीला बराच काळ परवान्यातून सूट होती. २०१६च्या नियमांनी मर्यादा आखली. ज्या हवेच्या बंदुकीची नळी ०.१७७ पेक्षा मोठी किंवा नळीच्या तोंडाशी शक्ती २० ज्यूलपेक्षा अधिक, तिला परवाना लागतो. म्हणजे खाण्याच्या शिकारीला जी योग्य, ती जाड छऱ्याची बंदूक परवान्यात अडकली. उरली ती बारीक छऱ्याची. निवडीचा अर्धा प्रश्न सरकारने सोडविला. उरलेला अर्धा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सोडविला आहे. ससा, तितर, लावा, घोरपड यांपैकी कशाचीही शिकार आज कायदेशीर नाही. बंदूक विनापरवाना विकत मिळते, पण तिने मारून खावे असे रानात जवळजवळ काहीच नाही. इंग्लंडमध्ये सुमारे १६ ज्यूलपर्यंतची हवेची बंदूक परवान्याविना बाळगता येते, आणि जमीनमालकाच्या संमतीने तिने ससा मारून कोणी खाल्ला तर तो गुन्हा होत नाही. आमच्याकडे त्याहून जोरकस बंदूक विनापरवाना मिळते आणि सावज निषिद्ध असते. हा विरोधाभास कसा निर्माण झाला?

त्यासाठी मागे जावे लागेल. चातुर्वर्ण्याने खालच्या माणसाला शस्त्र नाकारले होते, आणि शस्त्र नाही म्हणून त्याला बंड करता आले नाही, असा अर्थ बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त मांडला. ही नाकारणी केवळ बंडापुरती नव्हती. तिचा संबंध रोजच्या अन्नाशीही होता. गावगाड्यात महाराच्या वाट्याला मेलेले जनावर आले. ते मांस फुकट नव्हते. त्याची किंमत म्हणजे अस्पृश्यता. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांनी ताटातल्या त्या गुलामीवरच बोट ठेवले होते. स्वतःच्या कसबाने, स्वतःच्या पायपिटीने मिळविलेला ससा हे याच्या अगदी उलटे अन्न आहे. तो कोणाच्या दयेने मिळत नाही. मला वाटते, गावाबाहेरच्या माणसाच्या शिकारीकडे व्यवस्थेने नेहमीच संशयाने पाहिले, त्याचे एक कारण हेच असावे.

इंग्रजांनी हा संशय कायद्यात बसविला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढविली. पारध्यांसारख्या भटक्या शिकारी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरू लागल्या. १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना हवा, युरोपियनाला सूट. त्याच वर्षी वन कायदाही आला आणि रान सरकारी झाले. १९१२ मध्ये वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. या चार कायद्यांची एकत्र मांडणी केली की चित्र स्पष्ट होते. माणूस संशयित, बंदूक बंद, जंगल बंद, जनावरही बंद. साहेब मात्र परवाना काढून मेळघाटात वाघ मारीत होता आणि त्याला कोणी शिकारी जमातीत घातले नाही.

हे इंग्रजाने इथेच शोधून काढले असेही नाही. त्याच्या स्वतःच्या देशात १६७१च्या कायद्याने ठराविक उत्पन्नाची जमीन नसलेल्या माणसाला ससा-तितर मारण्याची मनाई होती. ती मालमत्तेची अट १८३१ मध्ये गेली. तिथे वर्गाने घातलेली बंदी पुढे सैल झाली. इथे वर्गाला जातीची जोड मिळाली, म्हणून गाठ सुटली नाही.

या काळात पारध्याच्या हाती काय होते? फासा, जाळे, वागूर. फासेपारधी आडोशासाठी शिकविलेला बैल पुढे घालून पाखरांच्या जवळ जात. टाकणकार जात्याला टाकी लावत गावोगाव फिरत. चितापारधी राजेरजवाड्यांसाठी चित्ते धरून शिकवीत. त्यांनी फासा निवडला तो मागासलेपणामुळे, असे लिहिणारे लिहितात. मला हे पटत नाही. फाशाला दारूगोळा लागत नाही, आवाज होत नाही, परवाना लागत नाही. शिवाय फाशात अडकलेले पाखरू जिवंत राहते, म्हणून मादी किंवा पिल्लू सोडून देता येते. बंदुकीच्या छऱ्याला ही सवड नाही. ज्याला उद्याही त्याच माळावर यायचे आहे त्याचे हे हत्यार आहे. रान रिकामे करण्याचे श्रेय दुसऱ्यांकडे जाते. भारतातले शेवटचे मानले जाणारे तीन चित्ते १९४७ मध्ये एका महाराजाच्या बंदुकीने पडले, पारध्याच्या फाशाने नव्हे. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण शिक्का राहिला.

स्वातंत्र्यानंतरचा शस्त्र कायदाही पाहा. १९५९च्या कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. पीक ज्याचे, संरक्षण त्याचे. म्हणजे बंदूक जमीनवाल्याची. त्या पिकात दिवसभर राबणाऱ्या मजुराच्या नावावर जमीन नसते, म्हणून त्याला हे कारण दाखविताच येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला लहान सावजाच्या शिकारीचा परवाना होता. १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच गेले. उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत राहिले ते कावळे, वटवाघळे आणि उंदीर. शौकिनाने आपला छंद बदलला, तो अभयारण्यात कॅमेरा घेऊन जाऊ लागला. भुकेच्या शिकाऱ्याने काय बदलावे, हे कायद्याने सांगितले नाही. २०२२च्या दुरुस्तीने ती पाचवी अनुसूचीही काढून टाकली आणि सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत नेला. कैद तीन वर्षांपर्यंत आहेच. वापरलेले हत्यार आणि वाहन सरकारजमा होते. कापूस वेचणाऱ्या घराला एक लाख म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिकार पुन्हा मोकळी करा असे माझे म्हणणे नाही. माळ आटले आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६०च्या दशकात, कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडातल्या पडीक जमिनी नांगराखाली आल्या. तेव्हापासून गवत मागे हटतेच आहे. त्यावर आता विषारी फवारणी. तितर कमी झाला तो मुख्यतः त्याचे घर गेल्यामुळे. त्या घराचा नाश करणाऱ्यावर गुन्हा नाही, आणि उरलेल्या एका तितरासाठी बेड्यावरचा पोरगा आरोपी. संरक्षणाला माझा विरोध नाही. संरक्षणाचा सगळा खर्च सर्वांत गरीब माणसाकडून वसूल करण्याला आहे. माळावरच्या पाखरांचे ज्ञान फासेपारध्याइतके कोणाला आहे? गवताळ माळ राखायचे असतील तर ते त्याला पगार आणि हक्क देऊन, त्याच्याच हातून राखले गेले पाहिजेत.

म्हणून विचारणाऱ्या पोरांना मी सांगतो ते असे. ४.५ची बंदूक घे, ओळखपत्र देऊन पावती घे, कागदावर नेम धर. याच मापाच्या बंदुकीवर अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक घेतले. त्या स्पर्धेची बंदूक आपल्याला परवडत नाही हे खरे. पण नेम हा कोणाच्या बापाची वतनदारी नाही. रानात मात्र ती नेऊ नकोस, कारण तिथे तुझा गुन्हा सशापुरता मोजला जाणार नाही, तुझ्या वस्तीचे नाव त्यात धरले जाईल.

आणि कार्यकर्त्यांना सांगणे आहे. अशी केस झाली की पंचनामा वाचा. हत्यार कोणते लिहिले आहे, छऱ्याचे माप लिहिले आहे का, प्राणी कोणता, तो कोणी ओळखला, हे एकेक तपासा. विद्यार्थ्यांनी बेड्यांवर जाऊन फाशांची नावे, ते विणण्याची रीत, सोडून देण्याचे नियम म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यावेत. हे ज्ञान कोणत्याही गॅझेटियरमध्ये पुरते आलेले नाही. ते सांगणारी पिढी संपत आली आहे, आणि ती गेल्यावर पारध्याचा इतिहास म्हणून आपल्याजवळ फक्त पोलिसांची दफ्तरे उरतील.