शॉकअपची गोष्ट

मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून जावा लिहिणाऱ्या अगणित मराठी पोरांपैकी मी एक. स्प्रिंग, मास आणि डॅम्परची ती प्रसिद्ध आकृती कॉलेजात पाच-पाच मार्कांसाठी कितीदा काढली, तिची समीकरणं सोडवली, पास झालो. पण डॅम्पर नावाची खरीखुरी वस्तू हातात धरली ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, गेल्या महिन्यात, एका गॅरेजच्या फरशीवर उकिडवं बसून. आणि धरल्या धरल्या बाबा म्हणाले, "उलटा धरलास."

तर मंडळी, या विकांताचा लेख शॉकअपवर. (शुद्ध मराठीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर :-))

आधी गाडीबद्दल. २००४ साली स्कोडाने भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर. तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात भारी गाडी म्हणजे मारुती ८००, तिची ताकद साधारण ३७. मी आठ वर्षांचा असताना क्रांती चौकात एक पिवळी आरएस सिग्नलला उभी राहिलेली पाहिली आणि बाबांच्या स्कूटरवर उभा राहून मागे वळून वळून बघत बसलो. बाबा म्हणाले होते, "आपल्या शेंद्र्यात बनते ती." ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. अठरा वर्षांनी, म्हणजे २०२३ मध्ये, पुण्यात नोकरी करून साठवलेल्या पैशांतून मी २००५ ची एक आरएस घेतली. पिवळी नाही मिळाली, काळी मिळाली. मीटरवर १ लाख ४० हजार किलोमीटर. आईने विचारलं, एवढ्या पैशात नवी छोटी गाडी आली नसती का? आली असती.

आता चूक सांगतो. गाडी घेतली तेव्हाच मागून खडखड यायची. मागचे दोन्ही शॉकअप गेलेत, हे चार जणांनी सांगितलं. नवे जर्मन बनावटीचे मागवायचे तर किंमत ऐकून घाम फुटला. मग एकाने सुचवलं की जुनेच 'भरून' मिळतात. म्हणजे शॉकअपला भोक पाडायचं, तेल भरायचं, वेल्डिंग मारायचं, वरून काळा रंग. नव्यासारखा दिसतो! बाबांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "काय करायलास रे हे? भरलेला शॉकअप म्हणजे तेलाचा डबा." पण वाचत होते ते पैसे मला दिसत होते. भरून घेतले.

तीन महिने बरं चाललं. दिवाळीत मावशीकडे धुळ्याला निघालो. पुढे बाबा, मागे आई. कन्नडचा घाट (औट्रम घाट, ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको) उतरताना एका वळणावर मधोमध खड्डा आला. फार मोठा नाही. वेगही फार नव्हता. पण मागचं चाक खड्ड्यातून बाहेर आलं आणि परत रस्त्यावर टेकायलाच तयार नाही. टप, टप, टप... आणि गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकला. अर्धा फूट असेल, जास्तीत जास्त एक. कठडा तिथून बराच लांब होता. तरी माझे हात चाळीसगाव येईपर्यंत थरथरत होते. आई मागच्या सीटवर चिवडा खात होती, तिला काही कळलंच नाही. बाबांना कळलं. ते काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

कारण बाबांनी वाळूजच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं शॉकअप बनवले. दुचाकीचे. शेवटची दहा वर्षं टेस्टिंगला होते.

परत आल्यावर मी वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की ज्या वस्तूवर मी परीक्षेत मार्क मिळवले तिचा इतिहास मला शून्य माहीत होता. तो बऱ्यापैकी रंजक निघाला.

बैलगाडीला स्प्रिंग नसते, त्यामुळे बैलगाडी आदळते पण हिंदकळत नाही. १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट नावाच्या माणसाने बग्गीसाठी कमानपाट्यांचं पेटंट घेतलं आणि चाकांवरचा प्रवास माणसाळला. आपले टांगे, पुढे जीप, ट्रक, अँबॅसिडर, सगळ्यांत तेच पाटे. या पाट्यांची गंमत अशी की एकावर एक रचलेल्या पट्ट्या वाकताना एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यातच हिंदकळणं मरतं. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच वस्तूत, फुकटात! टांग्याच्या वेगाला तेवढं पुरायचं.

मोटारी आल्या, वेग वाढला, आणि मग पुरेना. स्प्रिंग दाबली की ती ऊर्जा गिळत नाही, उधार घेते आणि परत देते. गाडीचं अंग साधारण सेकंदाला एक-दीडदा वरखाली होतं, तर चाक सेकंदाला दहा-बारा वेळा. कोणीतरी ती ऊर्जा खाऊन टाकली नाही तर चाक रस्त्यावर टिकतच नाही, नाचतं. आणि चाक हवेत असताना ब्रेक, स्टिअरिंग, टर्बो, १५० हॉर्सपॉवर, सगळं शोभेचं. घाटात माझं नेमकं हेच झालं होतं.

यावरचा पहिला नावाजलेला उपाय फ्रान्समधला. ट्रुफो नावाच्या गृहस्थांनी चकत्या एकमेकींवर घासणारा डॅम्पर केला. अमेरिकेतल्या एडवर्ड हार्टफर्डने तो उचलला आणि १९०४ च्या सुमारास गाड्यांना लावायला सुरुवात केली. म्हणजे पाट्यांचं घासणं वेगळं काढून स्क्रूने घट्ट-सैल करता येईल असं केलं. पण घर्षणाची एक खोड आहे. ते हळू हालचालीलाही तेवढंच अडवतं आणि जोराच्या धक्क्यालाही तेवढंच. हवं होतं उलट: हळू हलताना मऊ, जोरात हलताना कडक. हा स्वभाव तेलाचा. बारीक भोकातून तेल जितक्या जोरात ढकलाल तितकं ते जास्त अडतं. फ्रान्समधल्याच मॉरिस हूदाय यांनी तेलाचा डॅम्पर केला, आणि १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल 'ए' ला तो कंपनीतूनच बसवलेला होता. त्याआधीच्या मॉडेल 'टी' ला कंपनीकडून काहीच नसायचं!

अमेरिकेतल्या मन्रोची गोष्ट मला सगळ्यात आवडली. ही कंपनी मुळात टायरमध्ये हवा भरायचे पंप बनवायची. १९२६ पासून ती शॉकअपमध्ये शिरली. विचार केला तर शॉकअप म्हणजे पंपच की. दांडा, पिस्टन, नळी. फक्त हा पंप कुठेच काही पोहोचवत नाही, तेल आतल्या आत फिरवतो आणि गरम होतो. धक्क्याची उष्णता करून हवेत सोडून देणं एवढंच त्याचं काम.

पुढचा मोठा टप्पा १९५० च्या दशकातला. पिस्टन फार वेगाने हलला की तेलात फेस होतो, आणि फेस काहीच अडवत नाही. क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ या फ्रेंच संशोधकाने तेलावर दाबाखालचा वायू ठेवला, म्हणजे फेस होणारच नाही. त्याचे हक्क जर्मनीच्या बिल्स्टाइनने घेतले आणि मर्सिडीजसाठी असे शॉकअप बनवले. आता यातली आपली बाजू बघा. २००५ च्या आसपास बजाजने पल्सरला मागे नायट्रोजनचे डबेवाले शॉकअप दिले, वर 'नायट्रॉक्स' असं ठळक लिहिलेलं. आमच्या वर्गातल्या एकाच्या मोठ्या भावाकडे होती. आम्ही पोरं ते डबे हात लावून बघायचो, आणि त्यात नायट्रस असतं, बटण दाबलं की गाडी उडते, अशी आमची ठाम समजूत होती. प्रत्यक्षात ते काम पन्नास वर्षांपूर्वीच्या मर्सिडीजचं, फेस होऊ न देण्याचं.

भारतात शॉकअपचा मोठा कारखाना आला तो १९६१ मध्ये, गॅब्रिएल इंडिया, मुंबईत मुलुंडला. त्याच रेल्वेलाईनवर कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना, पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी तिथली. आणि आमच्या शहरात? १९८५ मध्ये बजाज ऑटोने वाळूजला कारखाना उभा केला आणि शहराचं नशीब पालटलं. स्कूटरला जे जे लागतं ते पुरवणारे कारखाने भोवती उगवले. एन्ड्युरन्स ही त्यातलीच, त्याच वर्षी अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामापासून सुरू झालेली. नंतर ती शॉकअपमध्ये आली, आणि आज दुचाकीचे शॉकअप बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. बाबांसारखे हजारो लोक खेड्यांतून येऊन या सगळ्या वसाहतीत लागले. आमचं घर, माझी इंजिनिअरिंगची फी, सगळं त्यातूनच. तुमच्याखालच्या दुचाकीचा शॉकअप वाळूजचा असण्याची शक्यता चांगलीच आहे.

मग २००१ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रोडवर शेंद्र्याला, स्कोडा आली. ऑक्टाव्हिया तिथे 'सीकेडी' पद्धतीने व्हायची. म्हणजे भाग परदेशातून पेट्यांत भरून आणायचे आणि इथे जुळवायचे. कारण सरळ होतं: पूर्ण तयार गाडी आणली तर आयातकर कितीतरी जास्त. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. पण त्याचा अर्थ गॅरेजमध्ये चाक काढल्यावर कळला. पुढच्या दोन्ही शॉकअपवर मूळ लेबल अजून चिकटलेलं होतं. जर्मनी. जे शहर आख्ख्या देशाला शॉकअप पुरवतं, त्याच शहरात जुळवलेल्या माझ्या गाडीचे शॉकअप समुद्र ओलांडून आले होते. वाळूज ते शेंद्रा अंतर तीसेक किलोमीटर.

बाबांना यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. "वर्षाला दोन-चार हजार नग लागणार, त्यासाठी लाईन कोण टाकणार?" बरोबरच आहे. शॉकअप ही लाखांच्या हिशोबात परवडणारी वस्तू. पण याचा त्रास वीस वर्षांनी माझ्यासारख्याला होतो. गाडी इथली म्हणून मिरवायची आणि सुटा भाग मागवायचा बाहेरून. (शहराला महागड्या गाड्यांची हौस मात्र दांडगी. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी मिळून एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. तेव्हा रस्ते कसे होते ते विचारू नका.)

असो. शेवटी चारही शॉकअप नवे मागवले. माझा निम्म्याहून जास्त पगार गेला. गॅरेजवाले चाचा जुने जाणकार. मी मोठ्या उत्साहात बॉनेटचा कोपरा दाबून गाडी किती हलते ते दाखवायला लागलो, तर म्हणाले, "नक्को बेटा, उससे कुछ समझता नहीं." खरंय. दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलली तर शॉकअप मेलाय हे नक्की, पण नाही डुलली म्हणून तो जिवंत आहे असं नाही. शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज थोडा जातो, आणि आपण रोज थोडे सवयीचे होतो. म्हणून बनवणारे ८० हजार किलोमीटरच्या आसपास बदलून टाका असं सांगतात. माझे पुढचे त्याच्या जवळजवळ दुप्पट चालले होते.

मागचं काम सोपं. या गाडीला मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. बोल्ट काढले की हातात. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली. (मॅकफर्सन हे फोर्डचे इंजिनिअर, १९४० च्या दशकातली कल्पना. आपल्याकडे ती घरोघरी नेली मारुती ८०० ने.) इथे स्प्रिंग क्लॅम्पने आवळून धरावी लागते. ती सुटली तर माणूस जातो, त्यामुळे मला चार फूट लांब उभं केलं होतं. शिवाय या गाडीत स्ट्रट खाली हबच्या चिमट्यात घट्ट बसलेला असतो. फट रुंद करायचं खास हत्यार लागतं, वीस वर्षांच्या गंजाने ते काम दोन तास चाललं. वरचं बेअरिंग आणि बम्पस्टॉपही बदलले. बम्पस्टॉपचा तर हातात भुगा आला.

नवा शॉकअप बाबांनी घेतला, सरळ उभा धरला आणि दांडा तीन-चार वेळा पूर्ण दाबून वर ओढला. आडवा पडून प्रवास केलेल्या शॉकअपमधली हवा अशी काढतात, नाहीतर सुरुवातीलाच ठोके येतात. मग माझ्या हातात दिला. "दाब. आता ओढ." दाबताना सहज गेला, ओढताना जड. दाबताना स्प्रिंग मदतीला असतेच, स्प्रिंग उसळून परत येताना तिला आवरायचं, ते खरं काम. सत्तावीस वर्षं बाबा हेच बघत होते, मशीनवर, एका नगाला काही सेकंद, दाबताना किती आणि ओढताना किती. आमच्या घरी कधी कारच नव्हती, त्यामुळे चारचाकीचा शॉकअप त्यांनीही त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितला. व्हॉल्व्ह कसा असेल यावर चाचांशी अर्धा तास चर्चा झाली, निम्मी मराठीत, निम्मी हिंदीत.

नंतर मी बाबांना घाटाबद्दल विचारलं. तेव्हा बोलला का नाहीत? ते म्हणाले, "गाडी चालवणाऱ्याला घाटात बोलू नये." तेवढंच.

अलाइनमेंट करून संध्याकाळी जालना रोडने शेंद्र्यापर्यंत जाऊन आलो. खड्डा आला की एकदा धप्प, आणि संपलं. भरलेले दोन जुने शॉकअप अजून डिकीत आहेत. बाबांना एक कापून बघायचाय, आत नक्की कुठलं तेल भरलं होतं ते. पुढच्या विकांताला, शेजारच्या काकांकडून हेक्सॉ मिळाला तर.